तरे बाईंचं 'मे हॅव'

तरे बाईंना 'मॅडम' म्हटलेलं चालत नसे. इंग्रजी शिकवणारीला सगळं जग मॅडम म्हणतं, त्यामुळे जूनमध्ये एखादं नवं पोर हमखास चुकायचं. बाई खडू खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मॅडम हवी असेल तर नाक्यापलीकडच्या इंग्लिश मीडियममध्ये फी भर. इथे बाई आहे, ती फुकट मिळते. बस खाली."

शालिनी तरे. दापोड्याच्या. त्या गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. शोकसभा वगैरे झाली नाही. शिक्षकांच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली आणि त्यांच्या खालोखाल कुणीतरी वाढदिवसाचा केक टाकला. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कितीतरी वर्षं बसले, म्हणून मला त्या आठवतात. आणि जे आठवतं त्यातलं बरंचसं आठवू नये असं वाटतं.

आमची शाळा धामणकर नाक्यावरून आत, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत. तिन्ही बाजूंनी खटखट चालू. बाहेरून आलेल्या माणसाचं डोकं दुखायचं, आम्हाला मात्र शुक्रवारी लूम बंद असले की शिकवायला सुचायचं नाही. त्या खटखटीवरून आवाज चढवून मी मराठी शिकवायचे. बाई आवाज चढवत नसत. उलट खाली आणत. ऐकायचं असेल तर पोरं आपोआप गप्प बसायची.

डब्यात त्यांच्या बहुतेक दिवशी सुकट असे, नाहीतर जवळा. डबा उघडला की हेडसर खुर्ची खिडकीकडे सरकवायचे. एकदा त्यांनी फारच अदबीने सुचवलं की बाईंनी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसून जेवलं तर सगळ्यांनाच सोयीचं होईल. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "सर, शेतं गोडाऊनला गेली, खाडी बुजवली, आमचा आता वासच तेवढा उरलाय. तो पण प्रयोगशाळेत ठेवू म्हणता?" हेडसर पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. खुर्ची मात्र सरकवत राहिले.

लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाच्या तिमजली घरात वरच्या खोलीत राहायच्या. फोन आला की व्हरांड्यात जाऊन बोलायच्या. "हाय ना, घरात हाय दूध. न्हाय, मी न्हाय येणार जत्रेला." आणि फोन ठेवून वर्गात शिरल्या की असं नितळ इंग्रजी बोलायच्या, की तपासणीला आलेला अधिकारी स्वतःचा प्रश्न मराठीत विचारायचा. हे दोन्ही आवाज एकाच बाईचे, यात त्यांना स्वतःला काही नवल वाटत नसे. पोरांनाही सांगायच्या, "घरी हाय म्हणा, न्हाय म्हणा. पेपरात इज आणि नॉट लिहा. लाज कशालाच बाळगू नका, फक्त जागा चुकवू नका."

कौतुक करणं त्यांना जमायचं नाही. एकदा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. वडप्याच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात लागला होता, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात मोठा मोबाइल. म्हणाला, "बाई, तुमच्यामुळे आज इंग्लिशमध्ये मेल टाकतो." बाई म्हणाल्या, "दाखव." त्याने अभिमानाने मोबाइल पुढे केला. बाईंनी चष्मा लावून वाचलं.

"'वी वुड हॅव डिस्पॅच्ड द गुड्स' लिहिलंयस. म्हणजे माल गेला नाही."

"गेला ना बाई. काल सकाळीच."

"तुझ्या इंग्रजीत नाही गेला. पाठवला असता, पण पाठवला नाही, असं झालं हे. पार्टीने अजून शिव्या घातल्या नाहीत म्हणजे तीही आपलीच विद्यार्थिनी असणार." मग तिथेच, स्टाफरूमच्या दारात उभं करून, त्याच्याकडून ते वाक्य पुन्हा लिहून घेतलं. पोरगा ओशाळला, पण जाताना वाकून पाया पडला. बाई म्हणाल्या, "पाया नको पडू. वुड हॅव वापरू नको."

या वुड हॅव, कुड हॅव, शुड हॅवच्या प्रकरणाला त्या 'झालं-गेलं' म्हणायच्या. पुस्तकात ते अर्ध्या पानात होतं, बोर्डाला एखाद्या मार्काला येई. बाकीचे शिक्षक तक्ता लिहून देतात आणि पुढे सरकतात. बाई मात्र त्याला आख्खा आठवडा द्यायच्या. तेव्हा माझा तास नसला की मी मागच्या बाकावर जाऊन बसायचे. मराठी शिकवणारीला तिथे ऐकण्यासारखं पुष्कळ होतं.

एका वर्षी वर्गातला पाण्याचा माठ फुटला. बाईंनी खापऱ्या टेबलावर आणून ठेवल्या आणि विचारलं, "कुणी फोडला?" पोरांनी एका सुरात गणेशचं नाव घेतलं, कारण फुटलेल्या प्रत्येक गोष्टीला गणेशचंच नाव घ्यायची पद्धत होती.

"पाहिलं का कुणी?"

कुणी नाही.

"मग 'फोडला असेल' म्हणा. ही मे हॅव ब्रोकन इट. आता बघा, त्याचा शर्ट ओला आहे. आता?"

"फोडला असणार," एक मुलगा म्हणाला.

"मस्ट हॅव. असेल म्हणायला काही लागत नाही, तोंड असलं की पुरतं. असणार म्हणायला पुरावा लागतो. ओला शर्ट लागतो."

तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने मांजर पाहिलं होतं. माठावर उडी मारताना. बाई तिच्याकडे वळल्या. "मग तू मे पण विसर आणि मस्ट पण विसर. तू सरळ 'ब्रोक' म्हण. द कॅट ब्रोक इट. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याने साधा भूतकाळ वापरायचा. मे हॅव ही न पाहिलेल्याची काठी आहे. पाहिलेल्याची पळवाट नाही."

शुड हॅवबद्दल त्या अधिक कडक होत्या. म्हणायच्या, "शुड हॅव म्हणजे करायला हवं होतं. पण त्यात अजून एक गोष्ट आहे, ती म्हणजे केलं नाही. ती वेगळी लिहावी लागत नाही, आतच असते. म्हणून हे वाक्य लोक दुसऱ्याबद्दल बोलतात. यू शुड हॅव कम, यू शुड हॅव टोल्ड मी. घरी जाऊन ऐका. आय शुड हॅव म्हणणारा माणूस सापडला तर मला येऊन सांगा." दर वर्षी पोरं घरी जाऊन ऐकायची. दर वर्षी कुणी सांगायला यायचं नाही.

मग एका वर्षी नववीत, माझ्या वर्गात, दर्शना होती. वडप्याच्या आतल्या बाजूला एक गाव आहे, तिथली. वडील काशिनाथ, पूर्वी भात लावायचे, आता गोडाऊनमध्ये माल चढवायचे-उतरवायचे. मुलगी मध्यम. फार हुशार नाही, फार व्रात्य नाही. हाक मारली की "हो बाई" म्हणून ताबडतोब उठणारी. तिचं जे झालं ते या ताबडतोब उठण्यामुळेच झालं, असं मला कधी कधी वाटतं.

शाळेचं गेट लोखंडी, रुळावर सरकणारं, रस्त्याच्या अंगाला. त्याचं एक चाक झिजून रुळाबाहेर जायचं. वॉचमन पहारीने उचलून बसवायचा, चार दिवस चालायचं, पुन्हा निघायचं. बाई प्रत्येक मीटिंगमध्ये तो विषय काढायच्या. हेडसर म्हणायचे, "अध्यक्षांच्या कानावर घातलंय." बाई म्हणायच्या, "कानावर घालून चाक बसत नाही सर." संस्थेचे अध्यक्ष अनंतशेठ बाईंच्याच गावचे, त्यांच्याच भावकीतले, दापोड्यात स्वतःची गोडाऊन असलेले; काशिनाथ त्यांतल्याच एका गोडाऊनमध्ये होता. शाळेच्या वर्धापनदिनाआधी त्यांनी माणसं पाठवली. माणसांनी गेटला निळा रंग दिला, वर संस्थेचं नाव सोनेरी अक्षरांत काढलं आणि निघून गेली. चाक होतं तसंच राहिलं.

दर्शनाचं ते झालं त्या दिवशी शाळा सुटताना गेटवर बाईंची ड्युटी होती. गेट अर्ध्यावर अडकलं. मागे पोरांची रेटारेटी. वॉचमनला एकट्याला सरकेना, त्याने समोर उभ्या असलेल्या मुलींना हाक मारली, "हात लावा गं पोरींनो." दर्शना "हो" म्हणून पुढे झाली आणि ढकलायला लागली. गेट रुळावरून सुटलं आणि तिच्या अंगावर आलं.

मी आवाज ऐकून खाली धावले. तोवर गल्लीतले लूमवाले येऊन गेट उचलत होते, एकमेकांना हिंदीत ओरडून सांगत होते, इधर से पकड, इधर से. बाई धुळीत बसल्या होत्या. दर्शनाचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. पाय कुठल्या दिशेने वळला होता ते मी एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. बाई तिच्या डोळ्यांवर हात धरून होत्या, तिला दिसू नये म्हणून.

पाय काढावा लागला नाही. पण गुडघ्याखाली हाड चुरलं होतं, एका ऑपरेशनवर भागणार नव्हतं.

मग कागद सुरू झाले. शाळेचा मुलांसाठी विमा होता. विमावाल्यांना घटनेचं निवेदन इंग्रजीत हवं होतं, डोळ्यांनी पाहिलेल्या शिक्षकाच्या सहीने. पाहिलेलं बाईंनी आणि इंग्रजीही बाईंचंच. त्यांनी एका बैठकीत लिहून दिलं. त्यातलं एक वाक्य असं होतं: 'द गेट शुड हॅव बीन रिपेअर्ड.'

दुसऱ्या दिवशी हेडसरांच्या केबिनमध्ये अनंतशेठ येऊन बसले. वर्गशिक्षिका म्हणून मलाही बोलावलं होतं. शेठना इंग्रजी येत नसे, पण हेडसरांनी त्यांना ते वाक्य समजावून सांगितलेलं दिसत होतं.

"शालूताय, हा शुड काढ," शेठ शांतपणे म्हणाले.

"का?"

"हा कागद उद्या सगळीकडे फिरणार. आपणच लिहून दिलं की दुरुस्त करायला पायजे होतं, तर केस आपल्यावर. शाळेची मान्यता जाईल. वकिलानं दुसरं लिहून दिलंय, त्याच्यावर सही कर."

वकिलाचा कागद बाईंनी वाचला. मुलगी मस्ट हॅव बीन स्विंगिंग ऑन द गेट. गेटला लटकून झोके घेत असणार.

"मी तिथे उभी होते शेठ. ती लटकली नव्हती."

"म्हणून तर तुझी सही पायजे ताय."

बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि तासाला निघून गेल्या. त्या दिवशी त्या मला खूप उंच वाटल्या होत्या.

दोन-तीन दिवसांनी काशिनाथ शाळेत आला. मधली सुट्टी होती, आम्ही दोघी व्हरांड्यात उभ्या होतो. अंगावर गोडाऊनचा शर्ट होता आणि त्यात हॉस्पिटलचा वास बसला होता. बोलायला सुरुवात कुठून करावी ते त्याला कळत नव्हतं.

"बाई, तो कागूद हाय ना, तो सही करा."

"काशिनाथ, त्या कागदात काय लिहिलंय ठाऊक आहे का तुला?"

"शेठ बोलले. पोरीची चूक हाय असं लिवलंय."

"मग?"

"लिवा ना बाई. शेठ ऑपरेशनचं समदं बघतो बोललेत. माला कायम करतो बोललेत." तो पुढे म्हणाला, "कागदानं पाय मोडत न्हाय बाई. मोडायचा तो मोडला. आता जोडायचा हाय."

पुढचा तास मोकळा होता, बाई हेडसरांकडून वकिलाचा कागद आणून स्टाफरूममध्ये बसल्या. तास संपता संपता हेडसरांकडे गेल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "शेलार, मी मस्टचं मे केलं."

मला पटकन कळलं नाही. म्हटलं, "त्याने काय फरक पडला?"

"पुष्कळ. ते म्हणत होते लटकली असणार. आता आहे, लटकली असेल. नुसती शक्यता. वकील सोडत नव्हता, फोनवर भांडून घेतलं, मगच सही केली. उद्या कुणी नीट चौकशी केली तर पोरगी सुटेल त्यातून." त्यांच्या बोलण्यात थोडा विजय होता. एक शब्द खाली आणल्याचा. मला त्या फुटक्या माठाची आठवण झाली, पण त्यांनाही ती झालीच असेल. मी विचारलं नाही.

ऑपरेशनं झाली. शेठ फळांची टोपली घेऊन हॉस्पिटलात गेले, त्याचा फोटो शाळेच्या फलकावर लागला. काशिनाथला कायम केलं. दर्शनाचा पाय राहिला, पण आखूड झाला आणि गुडघ्यात वाकेना.

ती घरी पडून होती तेव्हा बाई शाळा सुटली की वडप्याच्या गाडीने तिच्याकडे जायच्या. पत्र्याच्या घरात, कॉटशेजारी डब्यावर बसून इंग्रजी शिकवायच्या. मी मराठीचा गृहपाठ द्यायला अधूनमधून बरोबर जाई. मुलगी बदलली होती. वर्गात जी नुसती "हो बाई" म्हणायची, ती आता प्रत्येक वाक्याला का विचारत होती. बाईंचा चेहरा उजळायचा. एवढ्या वर्षांत त्यांना असा विद्यार्थी मिळाला नव्हता आणि मिळाला तो असा. परतताना एकदा मी विचारलं, "ते झालं-गेलं पण शिकवलंत का तिला?"

"शिकवलं की. बोर्डाला येतं. गाळून कसं चालेल?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिला सगळ्यात लवकर तेच आलं."

शिक्षण खात्याची चौकशी लागली तेव्हा दर्शना दहावीत होती. सुनावणीला ती कुबडी घेऊन आली, शाळेच्या गणवेशात, बापाच्या आधाराने. शेठ होते, हेडसर होते, बाई होत्या, मी होते. अधिकारी मध्यमवयीन, थकलेला माणूस. त्याच्यापुढे आमच्यासारख्या फायलींचा ढीग होता. विम्यासाठी केलेलं निवेदनच संस्थेने इथेही जोडलं होतं. त्याने कारकुनाला ते वाचायला सांगितलं. कारकून एका सुरात वाचत गेला. 'द स्टुडंट मे हॅव बीन स्विंगिंग ऑन द गेट' हे वाक्य आलं आणि गेलं. काशिनाथ मान हलवत होता, कळत असल्यासारखा.

दर्शनाने हात वर केला. वर्गात करतात तसा.

"बोल बाळ," अधिकारी म्हणाला.

"साहेब, हे कुणी लिहिलंय?"

त्याने सही पाहिली. "तुमच्या तरे बाईंनी."

मला वाटतं, कागद संस्थेने केला असेल, वकिलाने केला असेल, असंच तिने तोवर धरलं होतं. ती वळून बाईंकडे बघत राहिली. आवाज चढवला नाही. बाईंसारखाच खाली आणला.

"बाई, तुम्ही गेटवरच होतात ना?"

"हो."

"मला पाहिलंत ना?"

"हो."

"मग मे हॅव कसं?"

काशिनाथने तिचा दंड धरून तिला खाली बसवायचा प्रयत्न केला. गुडघा वाकत नसल्याने ती लवकर बसू शकली नाही. बाई मात्र उठल्या.

"साहेब, ती लटकली नव्हती. वॉचमनने हाक मारली म्हणून गेट ढकलत होती. मी पाहिलं. चाक आधीपासून खराब होतं, ते सगळ्यांना माहीत होतं."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "मग हे निवेदन?"

"ते मीच लिहिलं."

"सही?"

"माझीच."

"बाई, लेखी एक आणि तोंडी दुसरं, मी काय धरू? हे बदलायचं असेल तर आधीचं जाणूनबुजून खोटं लिहिलं, असं तुम्हाला लेखी द्यावं लागेल. परिणाम तुम्हाला माहीत असतील. देताय?"

"कागद द्या."

कारकुनाने कोरा कागद पुढे सरकवला. बाईंनी पर्समधून पेन काढलं. शेठ बाईंकडे बघतसुद्धा नव्हते. ते काशिनाथकडे बघत होते, एवढंच. काशिनाथ उठून बाईंच्या टेबलापाशी आला आणि त्याने हात जोडले.

"बाई, नका. माझी ड्युटी जाईल. घरात दुसरं कोन न्हाय कमावनारं."

"बाबा, लिहू दे त्यांना," दर्शना म्हणाली.

"तुला काय कळतंय? बाई, पाया पडतो."

बाई कागदावर हात ठेवून उभ्या होत्या. एका बाजूला बाप, एका बाजूला मुलगी. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं. मग बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्या टोपणाचा टक असा आवाज झाला. शेठ उठून बाहेर फोन करायला गेले.

बापाच्या हाताचा आधार न घेता दर्शना कुबडीवर बाहेर गेली.

अहवालात अपघात विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे घडला असण्याची शक्यता नोंदवली गेली. शाळेला समज देण्यात आली. गेटला नवीन चाकं बसली. काशिनाथची ड्युटी पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकली. मग ते गोडाऊन चालवायचा ठेका दुसऱ्याकडे गेला आणि नव्या माणसाने सांगितलं, कायम वगैरे शेठचं तोंडी होतं, आमच्याकडे तसं काही नाही.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी बाई नेहमीसारख्या दर्शनाच्या घरी गेल्या. मी बरोबर होते. आईने दार अर्धं उघडून सांगितलं, "ती झोपलीय." आतून दर्शनाचा इंग्रजी धडा मोठ्याने वाचण्याचा आवाज येत होता. आई तशीच उभी राहिली. बाईही. मग बाई म्हणाल्या, "बरं, झोपू दे." पुढच्या आठवड्यात त्या एकट्या गेल्या, तेव्हा दर्शना स्वतः दाराशी आली. "बाई, आता जे उरलंय ते माझं मी करीन," एवढं म्हणाली. हे बाईंनीच मला सांगितलं. तक्रार म्हणून नाही. वर्गातली हजेरी सांगावी तसं.

दहावीच्या निकालात शाळेत इंग्रजीत पहिली दर्शना. काशिनाथ स्टाफरूममध्ये पेढे घेऊन आला. सगळ्यांना दिले. बाईंपाशी येऊन थांबला.

"बाईंना पेढा द्यायचा, पन मार्क विचारले तर सांगायचे न्हाय, असं पोरगी बोललीय," तो बापडा खरं ते बोलून मोकळा झाला. मार्क आम्हा सगळ्यांना सकाळीच कळलेले होते. बाई म्हणाल्या, "मी नाही विचारत." पेढा घेतला आणि त्याच्यासमोर खाल्ला.

त्यानंतर बाईंनी दहावी सोडली. स्वतःहून. हेडसरांना आश्चर्य वाटलं, कारण त्यांच्या मते आता बाईंबद्दल कुणाच्या मनात काहीच नव्हतं. शेठनी तर स्नेहसंमेलनात भाषणात त्यांचं नाव घेऊन संस्थेशी एकनिष्ठ वगैरे म्हटलं होतं. बाईंनी पाचवी मागून घेतली. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "पाचवीला फक्त साधा भूतकाळ आहे. केलं, गेलं, खाल्लं. तेवढं मला शिकवता येईल."

त्यांचं टोचून बोलणं थांबलं. हे आम्हा सगळ्यांना आधी बरं वाटलं आणि नंतर असह्य झालं. कुणी काही विचारलं की "बघा, तुम्हाला योग्य वाटेल ते," असं म्हणायच्या. एका पोराने 'मॅडम' म्हटलं, तर त्याच्याकडे बघून नुसत्या हसल्या. डबा घेऊन त्या खरंच प्रयोगशाळेत जाऊन बसायला लागल्या. हेडसर मला एकदा म्हणाले, "बाई किती मवाळ झाल्या नाही?" मी वह्या तपासत राहिले.

निवृत्तीनंतर त्या दापोड्यातून फारशा बाहेर पडत नसत. घरासमोर आता ट्रकची रांग असते, दिवसभर. एकदा मी गेले होते, तर वरच्या खोलीच्या खिडकीशी बसलेल्या. शेजारचं एक पोर इंग्रजी विचारायला आलं होतं, त्याला म्हणाल्या, "मी आता शिकवत नाही रे बाळा. मोबाइलवर बघ, सगळं असतं." मी जायला निघाले तेव्हा दर्शनाबद्दल विचारलं. ती आता दापोड्यातच एका कंपनीच्या गोडाऊन ऑफिसात होती. बाईंच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी सांगितलं, तर म्हणाल्या, "माहीत आहे. खाली रस्त्यावरून जाते."

त्यांना शेवटचं पाहिलं ते धामणकर नाक्यावर, शेअर रिक्षाच्या स्टँडवर. मे महिन्याची दुपार. बँकेत पेन्शनचं काम करून आल्या होत्या, खूप वाळल्या होत्या, हातात कापडी पिशवी. आम्ही बोलत रांगेत उभ्या होतो. रिक्षावाला ओरडत होता, "दापोडा एक सीट, एक सीट." आमच्या पुढे उभी असलेली मुलगी पुढे झाली. एक बूट जाड तळव्याचा, गळ्यात ओळखपत्र. बसता बसता तिने मागे पाहिलं.

ती खाली उतरली.

"बाई, तुम्ही बसा."

"तुझा नंबर आहे दर्शना," बाई म्हणाल्या.

"बसा. ऊन फार आहे."

"पुढच्या रिक्षाने दोघी जाऊ. मला घाई नाही."

दर्शना रिक्षावाल्याकडे वळली. "चाचा, इनको बिठाओ. मैं पीछेवाली से आती हूँ." बोलणं अगदी नीट होतं. राग नव्हता, काहीच नव्हतं.

बाई माझ्याकडे न बघता रिक्षात चढल्या. कडेची जागा होती, एका हाताने दांडा धरून, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. त्यांच्या साडीचा पदर बाहेर लोंबत होता, चाकाजवळ. दर्शनाने वाकून तो उचलला, झटकला आणि त्यांच्या मांडीवर नीट खोचून दिला. गुडघा वाकत नसल्यामुळे तिला एक पाय लांब बाजूला टाकून वाकावं लागलं. बाई तिच्या केसांकडे बघत होत्या, अगदी जवळून. ओठ हलले. काय म्हणाल्या ते हॉर्नच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. दर्शनाला आलं असेल तरी तिने तसं दाखवलं नाही. ती सरळ झाली, दोन पावलं मागे सरली, आणि रिक्षा सुटायच्या आत तिने मागच्या रिक्षाला हात केला.